कपाटाच्या आत जागा किती?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका अडतीस वर्षांच्या आहेत. भांडुपला राहतात, फोर्टमधल्या एका विमा कार्यालयात नोकरी करतात. बालपण लालबागच्या चाळीत गेलं, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. शिक्षण मराठी माध्यमातून. आठवीत असताना वडिलांनी हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवरून एक जुनं, मुखपृष्ठ निघालेलं इंग्रजी पुस्तक आणून दिलं: सी. एस. लुईस यांचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. युद्धकाळात लंडनहून एका प्राध्यापकाच्या मोठ्या घरी पाठवलेली चार भावंडं, त्यातल्या धाकट्या ल्युसीला एका कपाटातून सापडलेला नार्निया हा बर्फाळ देश, तिथली दुष्ट चेटकीण आणि सिंह. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ते कित्येक महिने वाचलं. तेव्हापासून आपणही असं काही लिहावं, ही इच्छा आहे. आता लिहायला घेतलं, बारा पानं झाली, पण नवऱ्याने वाचून म्हटलं, "हे तर त्याचंच मराठी झालं." त्यानंतर एक ओळही लिहून झालेली नाही. त्या विचारतात: ज्या पुस्तकामुळे लिहावंसं वाटलं, तेच पुस्तक आता वाटेत उभं आहे. ते विसरायचं कसं? की हा नाद सोडून द्यायचा? ते पुन्हा वाचायचीही भीती वाटते. जादू गेली असेल तर? शिवाय असं लिहिणं कायद्यात बसतं का, वेळ कुठून काढायचा, हे वय, आणि मराठीत असं कोण वाचतं?

प्रिय मैत्रिणी,

यजमानांचं ते वाक्य तुम्हाला किती लागलं आहे, हे पत्रात जागोजागी जाणवतं. दुसऱ्याच कशाबद्दल लिहीत असताना तुम्ही मध्येच त्याच्याकडे वळता. म्हणून तिथूनच सुरुवात करते. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जे अर्धं चुकीचं आहे, त्याने तुमचा हात धरून ठेवला आहे.

चुकीचं अर्धं आधी. कपाटातून दुसऱ्या जगात जायची कल्पना लुईस यांची एकट्याची नाहीच. त्यांचं पुस्तक आलं १९५० मध्ये. त्याआधी १९०८ मध्ये ई. नेस्बिट या लेखिकेची एक छोटी गोष्ट प्रसिद्ध झाली होती. तिच्यात घरच्यांची बोलणी खाल्लेली एक मुलगी पाहुण्यांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात शिरते आणि आत तिला चक्क रेल्वे स्टेशन सापडतं. नेस्बिटची पुस्तकं लुईस लहानपणापासून वाचत आलेले. त्याच्याही मागे जा. १८५८ मधलं जॉर्ज मॅकडोनाल्ड यांचं 'फँटास्टीस' घ्या. त्यातला तरुण सकाळी जागा होतो तर खोलीतल्या तोंड धुण्याच्या भांड्यातून पाणी ओसंडून त्याचा झरा झालेला, गालिच्यावरचं गवत खरं झालेलं, लाकडात कोरलेली पानं हलायला लागलेली. हे पुस्तक लुईसना १९१६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, एका रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर मिळालं. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

तुमच्या वडिलांनी फुटपाथवरून उचललेल्या पुस्तकाच्या मागे असं स्टेशनवर उचललेलं पुस्तक आहे. लेखक असेच तयार होतात. कुणाचंच काही न वाचता, कुणाच्याच प्रेमात न पडता, कोऱ्या मनाने लिहायला बसलेला चांगला लेखक मला तरी माहीत नाही. तेव्हा पुस्तक विसरायचं कसं, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. ते विसरायचं नाही.

आता त्यांचं बरोबर अर्धं. तुमची बारा पानं मी नीट वाचली. तुमची नायिका ईरा कपाटात शिरते, पलीकडे बर्फाचं अरण्य असतं, बोलणारे प्राणी भेटतात, पांढऱ्या वस्त्रांतली एक क्रूर राणी येते. तुमची भाषा स्वच्छ आहे, वाक्यं लयीत आहेत. पण तुमच्या बर्फाला स्पर्श नाही. 'सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ पसरला होता' असं वाक्य येतं आणि ईराच्या पायांना काहीच होत नाही. पाय गारठत नाहीत, चप्पल रुतत नाही, तिला कुडकुडायला होत नाही. तो बर्फ पुस्तकातून उचलून थेट कागदावर ठेवलेला आहे, मध्ये तुम्ही नाहीत. यजमानांना हेच खटकलं असणार. त्यांना ते नेमकं सांगता आलं नाही, इतकंच.

अशा वेळी बरेच जण एक सोपा उपाय सांगतात आणि तुमच्याही मनात तो येऊन गेला आहे: बर्फ काढा, पाऊस घाला, सिंहाऐवजी वाघ, चेटकिणीऐवजी हडळ. माझं म्हणणं आहे की हे करू नका. घर तेच ठेवून पडदे बदलल्यासारखं ते होईल. वाचणाऱ्या मुलांना दोन पानांत कळेल की खालची गोष्ट कुणाची आहे.

मग करायचं काय? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी बाजूला काढून ठेवलं आहे. तुम्ही लिहिता: 'ल्युसी कपाटात शिरते, दार जरासं उघडं ठेवते आणि कोटांच्या मागे एकटीच गुपचूप बसून राहते, बराच वेळ. तो भाग मी जिन्यात बसून पुन्हा पुन्हा वाचायचे.'

मैत्रिणी, असा भाग त्या पुस्तकात नाही.

दार उघडं ठेवण्याचं आहे. कपाटात स्वतःला कोंडून घेणं मूर्खपणाचं असतं, हे ल्युसीला ठाऊक असतं, हे लुईस आवर्जून सांगतात. पण ती आत बसत नाही. कोटांच्या दोन रांगांमधून हात पुढे करून चालत राहते आणि थोड्याच वेळात बर्फात पोचते. पुढे एकदा चौघंही भावंडं घाईघाईने त्या कपाटात लपतात, पण दाटीवाटीने. पाय अवघडल्याची, कापराच्या वासाची कुरकुर करत. एकटीने बराच वेळ शांत बसून राहणारी मुलगी लुईसनी लिहिलेली नाही. ती तुम्ही लिहिलीत, वयाच्या तेराव्या वर्षी, सात माणसांच्या खोलीतून उठून जिन्यात येऊन. पंचवीस वर्षं तुम्ही ते लुईसच्या नावावर धरून चालला आहात.

माझ्या मते तुमचं पुस्तक इथे आहे.

जिन्यात वाचायला का बसावं लागायचं, हे तुम्ही पत्रात ओझरतं सांगितलंत. खोलीत आजीचा खोकला, धाकट्या भावंडांचा अभ्यास, संध्याकाळी वडिलांचे मित्र, मोरीजवळ आईची भांडी. अंग मुडपून बसायलाही जागा नाही, आणि मनात काही घोळवत बसायला तर नाहीच. अशा मुलीच्या हातात एक पुस्तक येतं, ज्यात एक कपाट आतून मोठं असतं. बाहेरून साधं, आत शिरलं की संपतच नाही. तुम्हाला सिंह आवडला असेल, चेटकिणीची भीती वाटली असेल, पण तुम्ही जीव लावलात तो त्या आतल्या जागेला. बर्फही तुम्हाला का आवडला असेल, याचा मी विचार करत होते. तुमच्या वाट्याला चाळीतल्या चोवीस तासांच्या आवाजात बर्फातली शांतता आली, असं मला वाटतं. गॅलरीतून कुणी हाक मारत नाही, नळावर भांडण नाही, पाटीवर कुणाचं नाव नाही. खरा बर्फ तुम्ही कधी पाहिला नव्हता, पण शांततेची भूक खरी होती.

म्हणून तुम्हाला, आणि लहानपणीच्या एखाद्या पुस्तकाने झपाटलेल्या इतर वाचकांनाही, माझं सांगणं एवढंच आहे: त्या पुस्तकात काय होतं, हा प्रश्न नंतर विचारा. ते हातात आलं तेव्हा आपल्याकडे काय नव्हतं, हे आधी विचारा. आपण लिहायचं ते त्या नसलेल्या गोष्टीतून. पुस्तक आपल्याला तिथवर बोटाला धरून नेतं, पुढे आपल्या पायांनी जायचं.

लुईसच्या बाबतीत हे स्पष्ट दिसतं. ते नऊ वर्षांचे असताना, १९०८ मध्ये, त्यांची आई कॅन्सरने गेली. नार्नियाच्या मालिकेतलं १९५५ मधलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यात डिगरी नावाच्या मुलाची आई अशीच मरणाच्या दारात आहे. त्याला दुसऱ्या जगात एक सफरचंद मिळतं, ते तो घरी आणतो, आई ते खाते आणि बरी होते. लेखक तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, प्राध्यापकी करणारा मोठा विद्वान आहे आणि सगळ्या मालिकेत स्वतःसाठी मागितलेली ही एक गोष्ट आहे. हे नेस्बिटकडून मिळत नाही, मॅकडोनाल्डकडूनही नाही. कपाट उसनं आणता येतं. सफरचंद ज्याचं त्यालाच आणावं लागतं.

आणखी एक तपशील सांगते, कारण कल्पित गोष्ट 'इथून दूर' असते या तुमच्या समजाला तो धक्का देतो. चेटकीण चौघांतल्या एडमंडला फितवते ती मिठाई देऊन, टर्किश डिलाइट. भावंडांचा घात करायला एक मुलगा निव्वळ मिठाईसाठी तयार होतो, हे आज वाचताना पटत नाही. पण पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडमध्ये युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी मिठाई रेशनवरच होती. ते रेशनिंग १९५३ मध्ये उठलं. तिथल्या मुलांना पोटभर मिठाई ही जादूच वाटत असणार. चार भावंडांचं लंडनहून परक्या घरी जाणंही असंच. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरातून हलवलेली मुलं लुईसच्या स्वतःच्या घरी राहायला आली होती. नार्निया तुम्हाला लालबागमधून परीकथेचा देश वाटला. त्यांनी तो स्वतःच्या घरातून, गल्लीतून, रेशनकार्डावरून उभा केला होता.

आता तुमच्या बारा पानांतलं अकरावं पान. ईरा बर्फातून चालत असते, मध्येच एका घराच्या उंबऱ्याबाहेर तिला चामड्याच्या चपला दिसतात, हातभर लांब, टाचेपाशी झिजलेल्या. दोनच ओळी. मग तुम्ही घाईने पुन्हा राणीकडे जाता. पत्राच्या तळटिपेत खुलासा करता की आजी वेंगुर्ल्याकडची, आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चपला वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात असं ती सांगायची. आणि 'हे गावठी वाटत असेल तर काढून टाकेन' असंही म्हणता.

काढू नका. बारा पानांत मी थबकले ती याच दोन ओळींवर. त्या चपला तुम्ही पाहिलेल्या आहेत, त्यांचा वास तुम्हाला ठाऊक आहे, त्या अंधारात कुठे ठेवलेल्या असतात तेही. एवढ्या मोठ्या पायाचं कुणी तरी आपल्या दारावरून रात्री जातं आणि आपलं वाईट न करता आपल्याला जपतं, या कल्पनेत भीती आणि आधार एकत्र आहेत. चांगल्या अद्भुत कथेला हेच लागतं. नुसत्या भीतीची भयकथा होते, आणि नुसत्या आधाराची बोधकथा.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. वेतोबा हा लोकांचा देव आहे, आज त्याला नवस बोलले जातात, केळ्यांचे घड वाहिले जातात. त्याला कथेतलं पात्र म्हणून वाटेल तसं नाचवणं मला बरोबर वाटत नाही. आणि लेखनाच्या दृष्टीनेही त्याची गरज नाही. चपला पुरेत. त्या कुणाच्या, हे ईराला पुस्तक संपेपर्यंत कळलं नाही तरी चालेल. दुसरी गोष्ट, सिंहाच्या जागी वेतोबा बसवण्याचा मोह टाळा, नाहीतर पुन्हा पडदेच बदलले जातील. तुमची मूळ ओढ एकटीला मिळालेली जागा ही आहे. चपला तिथे कशा येतात, ते शोधायचं आहे. आतून न संपणाऱ्या जागेत एकटी बसलेली मुलगी आणि बाहेर कुणाच्या तरी पावलांचा आवाज, एवढ्यावरही पहिलं प्रकरण उभं राहू शकतं. हे मी सुचवते आहे, तुम्ही वेगळं काही कराल आणि ते जास्त चांगलं असेल.

मुंबईत वाढलेल्या माणसाला आतून मोठ्या असलेल्या जागा शोधायला लांब जावं लागत नाही. पोटमाळा आठवा. तुमच्या चाळीत होताच. शिडी लावून वर गेलं की मान वाकवून बसावं लागतं. गणपतीचं मखर, ट्रंका, वापरात नसलेली पितळी भांडी, गाठोड्यात बांधलेल्या गोधड्या. खालचा सगळा संसार ऐकू येतो आणि आपण कुणाला दिसत नाही. तुमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, असं तुम्ही लिहिलंय. तो पोटमाळा आता जगात कुठेही नाही. तिकडे परत जायचं तर लिहूनच जावं लागेल.

पुस्तक पुन्हा वाचावं की नाही? वाचा, पण लगेच नको. आधी एक वही घ्या आणि पुस्तक न उघडता आठवेल ते सगळं लिहून काढा. प्रसंग, वास, चित्रं, वाक्यं, कुठे रडू आलं, कुठे पानं उलटली. मग वाचा आणि ताडून पाहा. विसरलेला भाग सोडून द्या. चुकीचं आठवलेल्या प्रत्येक जागेवर मात्र खूण करा, कारण तिथे तुमच्या मनाने स्वतःचं काही घातलेलं आहे. ल्युसीचं बसून राहणं सापडलं, तशी आणखी सापडतील. हे कोणत्याही पुस्तकाबाबत करता येतं, आणि लेखनाच्या कित्येक कार्यशाळांपेक्षा यातून जास्त हाती लागतं असं माझं ठाम मत आहे. जादू गेली तर, ही भीती मला समजते. काही भाग आज नक्कीच वेगळा लागेल. लेखक मध्येच उपदेश करतात ते खुपेल, मुलींनी लढाईत नसावं हा सूर खटकेल. खटकू द्या. लाडक्या पुस्तकाशी वाद घालता आला, की त्याच्यासमोर आपण नुसते वाचक राहत नाही.

दुसऱ्या वाचनात कारागिरी बघा. कपाटातलाच भाग घ्या. ल्युसी दार उघडते तेव्हा दोन डांबरगोळ्या खाली पडतात. आत शिरल्यावर अंगाला मऊ फरचे कोट लागतात. पायाखाली काहीतरी चुरचुरतं, तिला वाटतं आणखी डांबरगोळ्या असतील. हात लावते तर गार, भुसभुशीत. मग चेहऱ्याला कोटांच्या फरऐवजी काहीतरी खरखरीत, टोचरं लागतं. ती झाडाची फांदी असते. जादू झाली, असं लुईस कुठे म्हणत नाहीत. ओळखीच्या स्पर्शाने सुरू करतात, मुलीला एक चुकीचा पण शहाणा अंदाज करू देतात, आणि प्रत्येक पावलाला एकच गोष्ट बदलतात. हा उतारा हाताने वहीत लिहून काढा, मराठीत करून पाहा. फक्त स्वतःसाठी, रियाज म्हणून. मग पोटमाळ्याच्या शिडीवरून ईराला याच रीतीने वर चढवा: काय हाताला लागतं, तिला काय वाटतं, आणि ते काय निघतं. तिच्या पायांना यावेळी गारठू द्या, भाजू द्या, काहीतरी होऊ द्या.

कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. आपल्याकडे कल्पनेवर कुणाचा मालकी हक्क नसतो, ती ज्या शब्दांत आणि मांडणीत उतरली त्यावर असतो. नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कपाटातून दुसऱ्या जगात कुणीही जाऊ शकतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. लुईस १९६३ मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं आपल्याकडे २०२४ पासून खुली आहेत. त्यांतली चित्रं, नवे अनुवाद, सिनेमे मात्र तसे नाहीत. ज्यांना लाडक्या पुस्तकातलीच पात्रं घेऊन पुढच्या गोष्टी लिहायला आवडतं, त्यांनी हौसेने लिहाव्यात, हात चांगला तयार होतो. छापायचं ठरलं की लेखक कधी गेला ते आधी पाहावं.

मराठीत कोण वाचतं, या प्रश्नात मला तुमचा थकवा जास्त दिसतो, कारण उत्तर तुम्हालाही माहीत आहे. चांदोबातला विक्रम आणि खांद्यावरचा वेताळ आपल्या कित्येक पिढ्यांनी वाचला. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी रंगवली. त्या प्रयोगाला एकदा मुलांच्या मध्ये बसून पाहा. चेटकीण आली की पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडतात. अद्भुताची आवड कमी झालेली नाही. नव्या, मोठ्या पल्ल्याच्या गोष्टी कमी लिहिल्या जातात, आणि त्याचं एक कारण तुमच्यासारखी माणसं बाराव्या पानावर थांबतात हे आहे.

वयाचं म्हणाल, तर लुईसना बर्फातल्या रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असा प्राणी, मनासमोर दिसला तो सोळाव्या वर्षी. त्याची गोष्ट करून पाहू असं त्यांनी चाळिशीच्या सुमारास ठरवलं. पुस्तक आलं तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. तुम्हाला चाळिशीला दोन वर्षं आहेत.

वेळेचा प्रश्न खरा आहे. सकाळची गाडी, घर, मुलीचा अभ्यास. गाडीत लिहायचा प्रयत्न करू नका. भांडुपहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने गोष्ट लिहून होत नाही आणि झाली नाही की उगाच अपराधी वाटतं. गाडीत फक्त आठवा. आज शिडी, उद्या ट्रंका, परवा खालून येणारे आवाज. ऑफिसात पोचल्यावर दोन ओळी टिपून ठेवा. लिहायला आठवड्यातली एक सकाळ घरच्यांना सांगून मागून घ्या, चोरून नको. घरात जमत नसेल तर वाचनालयाच्या अभ्यासिकेत जा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, तिथे बालसाहित्यही चाळता येईल. एकटीला बसायला जागा मागणं ही चैन नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सुरुवात कादंबरीने करू नका. पोटमाळ्यावरची एक पूर्ण गोष्ट लिहा, आठ-दहा पानांची, स्वतंत्र वाचता येईल अशी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ते वाचून मुलांसाठी काय आणि कसं लिहिलं गेलंय याचा अंदाज घ्या, मग पाठवा. मुलांचे दिवाळी अंकही आहेत, पण त्यांची जमवाजमव उन्हाळ्यातच सुरू होते, गणपतीत पाठवलेलं साहित्य बहुधा उशिरा पोचतं.

आणि पाठवण्याआधी लेकीला मोठ्याने वाचून दाखवा. ती कुठे पाय हलवायला लागते, कुठे 'मग?' विचारते, तेवढं समासात टिपून घ्या; मत विचारू नका. यजमानांना तोवर काहीच दाखवू नका. त्यांच्यावर रागावून नव्हे. त्यांनी प्रामाणिकपणे वाचलं आणि जे दिसलं ते सांगितलं, असा वाचक घरात असणं चांगलंच आहे. पण अर्धवट लिखाण कुणाच्याही मताला टिकत नाही. लुईसचे जिवलग मित्र, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांना नार्निया अजिबात आवडलं नव्हतं, आणि तो घाव सोसूनही लुईसनी सात पुस्तकं पुरी केली. तुम्ही एक गोष्ट पुरी करा, शेवटच्या ओळीपर्यंत, मग यजमानांच्या हातात द्या. या वेळी त्यांना एकच विचारा: यात मी कुठे दिसते?